‘समर्पक साथ केली’!

गाण्याच्या बैठकीचे वृत्त मराठी वर्तमानपत्रांत कसे छापून येते, हे आता आपणां सर्वांना पाठ झाले आहे. आरंभी गायकाचे नाव, गुरूचे नाव, घराणे. मग विलंबित ख्याल कोणता, द्रुत कोणता, नाट्यपद कोणते, भैरवी कोणती. आणि अगदी शेवटी, दीपप्रज्वलन करणाऱ्या मान्यवरांच्या यादीच्या शेजारी, एक वाक्य : ‘तबल्यावर अमुक व संवादिनीवर तमुक यांनी समर्पक साथ केली.’ गेली कित्येक वर्षे मी हे वाक्य वाचतो आहे. गावे बदलतात, राग बदलतात, कधी अमुक-तमुकांची नावेही गळतात. ‘समर्पक’ मात्र अढळ आहे.

माझा आक्षेप या एका शब्दावर आहे आणि त्याच्यामागे दडलेल्या वृत्तीवर आहे. साथ समर्पक होती म्हणजे काय झाले? कशाला समर्पक? कुठे सोडून दिले, कुठे उचलून धरले, गायक लयीत घसरू लागला तेव्हा कोणी सावरले? याचे उत्तर त्या वाक्यात नसते, कारण लिहिणाऱ्याने साथ ऐकलेलीच नसते. आपण ऐकले नाही, हे कबूल न करता जागा भरून काढण्याची ती एक सोय आहे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्तणूक : समाधानकारक’ असे लिहितात, त्या जातीची. पंचवीसेक वर्षे असली प्रगतिपुस्तके भरण्यात घालवल्यामुळे त्या शब्दाची किंमत मला नेमकी ठाऊक आहे.

हा वाद आपल्या घरच्या उदाहरणावर लढवला, तर दोन परिच्छेदांच्या आत घराण्यांवर येतो आणि तिथून व्यक्तींवर. म्हणून मी मुद्दाम आपल्या संगीताबाहेरचा साक्षीदार उभा करतो. त्याचे नाव फ्रेडी ग्रीन. धंद्याने गिटारवादक. जगातील एका नामांकित जॅझ वाद्यवृंदात हा माणूस १९३७ ते १९८७ अशी पन्नास वर्षे बसला आणि या पन्नास वर्षांत त्याने एकट्याने वाजवलेले तुकडे हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच आहेत. बाकी सारा काळ त्याने साथ केली. ती समर्पक होती का, हे आपण पाहू.

फ्रेडी ग्रीनचा जन्म ३१ मार्च १९११ चा, अमेरिकेच्या दक्षिणेतील चार्ल्स्टन या बंदराच्या गावचा. त्या गावात जेंकिन्स अनाथाश्रम नावाची संस्था होती. तिथल्या कृष्णवर्णीय मुलांचा बँड निधी गोळा करीत गावोगाव हिंडत असे आणि त्यातून पुढे अनेक नामवंत वादक निघाले. फ्रेडीला संगीताची पहिली गोडी लागली ती या मुलांच्या संगतीत. पुढे तो न्यूयॉर्कला आला, आधी बँजो आणि मग गिटार वाजवू लागला. ग्रीनिच व्हिलेजमधील ‘ब्लॅक कॅट’ नावाच्या क्लबात जॉन हॅमंड या रसिक धनिकाने त्याला ऐकले. कॅन्सस सिटीहून आलेल्या काउंट बेसीच्या वाद्यवृंदाला हॅमंडनेच पुढे आणले होते. बेसीकडे तेव्हा क्लॉड विल्यम्स नावाचा गिटारवादक होता. तो उत्तम व्हायोलिनही वाजवी आणि मोकळी जागा मिळाली की एकट्याने चमकून जाई. मार्च १९३७ मध्ये त्याच्या जागी फ्रेडी ग्रीन आला. चमकणारा गेला आणि ठेका धरणारा आला. हा बदल ज्यांनी केला, त्यांना संगीत कळत नव्हते असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही.

आता हा माणूस नेमके करीत काय होता, ते समजून घेऊ. नाहीतर पुढचे सारे हवेत जाईल.

स्विंग म्हणजे १९३० च्या दशकात बहराला आलेले, नाचण्याजोगे, मोठ्या वाद्यवृंदाचे जॅझ. त्याच्या एका आवर्तनात चार मात्रा. पंधरा-सोळा माणसांच्या ताफ्यात तुताऱ्या आणि सॅक्सोफोन पुढे गर्जत असतात. मागे पियानो, डबल बास, ड्रम आणि गिटार असे चौघे बसतात. गिटारवाल्याचे काम एवढेच, की चारही मात्रांवर उजव्या हाताने एकेक आघात करायचा. प्रत्येक आघातात तीन-चार स्वरांचा गुच्छ, ज्याला कॉर्ड म्हणतात, तो वाजला पाहिजे आणि लगेच डाव्या हाताची बोटे सैल सोडून दाबला गेला पाहिजे, म्हणजे पुढच्या मात्रेला जागा मोकळी होते. एका मिनिटात दोनशे मात्रांची लय असेल, तर मिनिटाला दोनशे वेळा हे करायचे. रात्रीचे तीन-चार तास. पन्नास वर्षे.

त्यातही फ्रेडी ग्रीनची गिटार विजेवरची नव्हती. पोकळ लाकडी पेटीची, साधी. इतक्या तुताऱ्यांच्या गदारोळात ती ऐकू यावी म्हणून त्याने तारा पट्टीपासून खूप उंच ठेवल्या होत्या. दाबायला त्या इतक्या कठीण की दुसऱ्याची बोटे सोलवटून निघावीत. पण आवाज त्यामुळे खणखणीत निघे. त्याच्या वादनाचा पुढे ज्यांनी बारकाईने अभ्यास केला, त्यांनी आणखी एक गंमत दाखवून दिली आहे. त्याची बोटे पट्टीवर पूर्ण गुच्छाच्या आकारात दिसत. पण प्रत्यक्षात बहुतेक वेळा मधल्या एखाद-दुसऱ्या तारेचाच स्वर स्पष्ट वाजे, बाकीच्या तारा हलक्या हाताने दाबून नुसत्या खसखसत ठेवलेल्या असत. म्हणजे एकाच आघातात स्वर आणि टाळ दोन्ही. वर या मधल्या स्वरांची मिळून एक चाल तयार होई, जी श्रोत्याला वेगळी ऐकू येत नाही, पण तुतारीवाल्याला पायाखाली जमीन देते. हे सारे त्याने कुठल्या विद्यालयात शिकलेले नव्हते. ताफ्यात रोज बसून, कुठे गर्दी होते आणि कुठे पोकळी राहते हे ऐकत ऐकत, नको ते काढून टाकत तो तिथवर पोहोचला.

आता बेसीच्या पियानोकडे वळू. काउंट बेसीची कीर्ती कशासाठी? थोडक्यात वाजवण्यासाठी. दोन स्वर टाकायचे, थांबायचे, पुन्हा एक टाकायचा. समीक्षकांनी या मौनावर पानेच्या पाने लिहिली. पण त्या काळचा पियानोवादक डाव्या हाताने सतत ठेका देत असे. बेसीला तो हात मोकळा सोडता आला, तो फ्रेडी ग्रीन, बासवाला वॉल्टर पेज आणि ड्रमवाला जो जोन्स हे तिघे लय वाहून नेत होते म्हणून. बेसीचे मौन तिघांनी भरलेले होते. लेस्टर यंगचा सॅक्सोफोन मात्रेच्या किंचित मागे रेंगाळतो आणि श्रोता घायाळ होतो. पण मात्रा जागची हलली, तर रेंगाळणे आणि चुकणे यांत फरक कसा करणार? विलंबित एकतालात गायक समेपासून दूरदूर भटकतो आणि नेमका परत येतो, तेव्हा आपण वाहवा गायकाला देतो. ज्याने सम जागेवर ठेवली, तो ‘समर्पक’.

येथे माझे विद्वान मित्र तीन आक्षेप घेतील. तिन्ही मी अनेकदा ऐकले आहेत.

पहिला आक्षेप : हे यांत्रिक काम आहे, यंत्रही करील. जॅझमध्ये ठेका देणारी यंत्रे आली, विद्युत् गिटारी आल्या, नव्या पिढीने चार मात्रांचा आघातच सोडून दिला आणि बहुतेक ताफ्यांनी गिटारवाल्याची खुर्ची काढून टाकली. खुद्द बेसीनेही ती एकदा काढून पाहिली. १९५० मध्ये पैशांची ओढाताण झाली, मोठा ताफा मोडला, बेसीने सहा-आठ जणांचा लहान ताफा केला आणि त्यात फ्रेडी ग्रीनला घेतले नाही. पुढची हकीकत बेसीच सांगत असे. एका रात्री कार्यक्रमाच्या ठिकाणी फ्रेडी आपली गिटार घेऊन न बोलावता हजर झाला, इतकी वर्षे दिल्यावर आता मला सोडून जाणार का, अशा अर्थाचे काहीतरी बोलला आणि आपल्या जागेवर जाऊन बसला. त्यानंतर बेसीने त्याला उठवले नाही. १९८४ मध्ये बेसी वारला. ताफ्याची सूत्रे थॅड जोन्सकडे आणि मग फ्रँक फॉस्टरकडे गेली. फ्रेडी ग्रीन त्याच जागी होता. १ मार्च १९८७ रोजी लास व्हेगासमध्ये कार्यक्रम वाजवून झाल्यावर हृदयविकाराच्या झटक्याने तो गेला. यंत्राची जागा दुसरे यंत्र घेते. व्यवहारी मालकाने अखेरपर्यंत ज्याची जागा दुसऱ्याला दिली नाही, त्याला यंत्र म्हणणे हे ऐकण्याचा कंटाळा केल्याचे लक्षण आहे.

दुसरा आक्षेप : त्याला एकट्याने वाजवता येत नव्हते, म्हणून तो मागे बसला. हा आपला सर्वांत लाडका आक्षेप. गायक व्हायचे होते, जमले नाही, म्हणून पेटी धरली. असे आपण बिनदिक्कत बोलतो. फ्रेडी ग्रीनबद्दल त्याचे सहकारी एक गोष्ट सांगत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस चार्ली ख्रिश्चनची विद्युत् गिटार गाजू लागली, तेव्हा फ्रेडीलाही मोह झाला. त्याने ध्वनिवर्धक आणला, एकट्याने तुकडे वाजवू लागला. परिणाम असा झाला की तो पुढे येताच मागचा ठेका खचला. तेव्हा ताफ्यातल्याच लोकांनी कट केला. आज एकाने त्या ध्वनिवर्धकाची तार काढायची, उद्या दुसऱ्याने आतला एखादा भाग लांबवायचा. अखेर कंटाळून त्याने तो नाद सोडला. गोष्टीत तिखटमीठ असेल; पण तिचा अर्थ पाहा. सहकाऱ्यांना आणखी एक चमकणारा नको होता. तसे त्यांच्याकडे डझनभर होते. त्यांना फ्रेडी ग्रीन हवा होता, कारण तो एकच होता. शिवाय ‘कॉर्नर पॉकेट’ ही बेसीच्या ताफ्याची गाजलेली रचना याच मागच्या माणसाची. पुढे तिला शब्द मिळाले आणि ‘मॅनहॅटन ट्रान्स्फर’ या गायकवृंदाने ती गाऊन ग्रॅमी पारितोषिक मिळवले. ज्याला काही सुचत नाही, त्याच्या हातून असे होत नाही.

तिसरा आक्षेप जरा भारदस्त आहे : प्रतिभा ती एकट्याचीच, बाकीचे तिचे पालखीवाले. याच्या उत्तरासाठी अमेरिकेतून फ्रान्सला जावे लागेल.

पॅरिसमध्ये १९३४ च्या डिसेंबरात ‘हॉट क्लब द फ्रान्स’च्या पंचकाने पहिला जाहीर कार्यक्रम केला. त्यात ड्रम नव्हता, पियानो नव्हता, तुतारी नव्हती. व्हायोलिनवर स्टेफान ग्रापेली, गिटारवर जँगो राइनहार्ट, बासवर लुई वोला आणि ठेक्याला आणखी दोन गिटारी : जँगोचा धाकटा भाऊ जोसेफ आणि रॉजर शापू. जँगो हा मानूश जमातीचा, म्हणजे आपण सरसकट जिप्सी म्हणतो त्या रोमा लोकांपैकी. ‘जिप्सी’ हे नाव बाहेरच्यांनी दिलेले, त्यांच्यातल्या अनेकांना ते आवडत नाही. त्यांची भाषा मुळात आपल्याच भाषाकुळातली. दोन, तीन, चार, पाच यांना त्यांच्यात दुय, त्रिन, श्तार, पांज म्हणतात. आणि ‘मानूश’ या शब्दाचा अर्थ मराठी वाचकाला सांगायची गरजच नाही : माणूस.

जँगोची कथा जगाला ठाऊक आहे. १९२८ मध्ये घरगाडीला आग लागली, डाव्या हाताची दोन बोटे कायमची आखडली, उरलेल्या दोन बोटांनी त्याने गिटारचा नवा इतिहास लिहिला. जोसेफची कथा कोणी विचारीत नाही. भाऊ रुग्णशय्येवर असताना ज्या गिटारीवर तो पुन्हा वाजवायला शिकला, ती जोसेफने आणून दिली असे सांगतात. पंचकातली ती तिसरी गिटार आली कशी, हेही प्रसिद्ध आहे. ग्रापेली एकटा वाजवतो तेव्हा त्याच्यामागे दोन गिटारी असतात, मी वाजवू लागलो की एकच उरते, अशी जँगोची तक्रार होती. म्हणून आणखी एक गिटार घेतली. ज्याला सारे जग एकमेव म्हणते, त्या प्रतिभावंतालाच मागे एक माणूस कमी असल्याचे जाणवत होते. हे जर जँगोला कळत होते, तर आपल्या वार्ताहरांना कळायला काय हरकत आहे?

या ठेक्याला फ्रेंच भाषेत ‘ला पोंप’ म्हणतात; पोंप म्हणजे पाणी उपसायचा पंप. पहिली आणि तिसरी मात्रा हलकी, दुसरी आणि चौथी कोरडी, तुटक, ड्रमच्या कातड्यासारखी. आणि त्यांच्यामध्ये मनगटाचा एक झटका, जो लिहून दाखवता येत नाही. ड्रम नसताना नाचणाऱ्याचे पाऊल उचलले जाते ते या झटक्यामुळे. जोसेफला एकट्याने वाजवता येत नव्हते का? येत होते. १९४० च्या दशकात त्याने स्वतःच्या नावाने ध्वनिमुद्रणेही केली. १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले, ग्रापेली लंडनला राहिला, पंचक बदलले, व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट आली, ड्रम आला; जोसेफ भावाच्या मागे ठेका धरायला होताच. त्याच काळात युरोपात त्यांच्या जमातीची लाखो माणसे नाझींनी मारली. जँगो १९५३ मध्ये गेला. जोसेफ १९८२ पर्यंत जगला. चरित्रकोशांत तो ‘जँगोचा भाऊ’ म्हणून सापडतो. त्याच्यासाठी ‘समर्पक’ हा शब्द वापरलेला नाही. पण अर्थ तोच.

या जमातीतली एक रीत मात्र मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. त्यांच्या घरांत मुलाच्या हातात गिटार येते, ती आधी ठेक्यासाठी. काका वाजवतात, मामा वाजवतात, पोराने मागे बसून पोंप धरायचा. वर्षानुवर्षे. स्वर कसे जातात, लय कुठे खेचली जाते, वडीलधारा कुठे दम घेतो, हे मनगटात उतरल्यावर मग पुढे यायचे. आणि ज्यांना मागेच बसायचे असते, त्यांना तिथे कमीपणा नाही. हॉलंडच्या रोझेनबर्ग त्रिकुटात पुढे स्टोकेलो, मागे गिटारवर त्याचा चुलतभाऊ नूश आणि बासवर नॉनी. नूशच्या ठेक्यावर नवे गिटारवादक आपला हात घासून घेतात. फ्रान्सच्या ओनो विंटरस्टाइनने बिरेली लाग्रेनसारख्या अफाट वादकाच्या मागे बसून असेच नाव कमावले आहे. जाणकार त्यांना ऐकायलाच म्हणून येतात.

आता आपल्याकडे काय चालले आहे ते पाहा. स्नेहसंमेलन जवळ आले की माझ्या खोलीबाहेर पालकांची रांग लागते. मागण्या मराठीतून आणि कन्नडमधून येतात. मागणी एकच असते. आमच्या मुलीला एकटीने गाऊ द्या, आमच्या मुलाला पुढे उभे करा. एका मुलाचा तबल्यावरचा हात इतका स्वच्छ होता की बारा-तेरा वर्षांच्या पोराकडून मी तसा ठेका क्वचितच ऐकला आहे. त्याच्या वडिलांनी येऊन विचारले, ‘सर, हा दोन तास मागेच बसणार का? फोटोत तरी दिसेल का?’ पुढच्या वर्षी त्यांनी त्याचा तबला बंद केला आणि दूरचित्रवाणीच्या स्पर्धेसाठी गाण्याची शिकवणी लावली. मुलाचा आवाज यथातथाच होता. एक उत्तम तबलजी गेला, गायक काही मिळाला नाही. या पालकांवर मी फार रागावत नाही. ज्या समाजात साथीला एका विशेषणात गुंडाळतात, तिथे बापाने पोराला त्या विशेषणासाठी का वाढवावे?

आणि पैशांचे काय? बेसीने १९३६ मध्ये डेक्का कंपनीशी करार केला, त्यात ध्वनिमुद्रिकांच्या २४ बाजूंसाठी ७५० डॉलर ठरले, रॉयल्टी शून्य. जॉन हॅमंडने ते पाहून कपाळावर हात मारला आणि संघटनेमार्फत थोडीफार दुरुस्ती करून घेतली. मालकाचीच ही कथा, तर मागच्या खुर्चीला काय मिळत असेल! आपल्याकडे त्याहून जुनी रीत आहे. एका गावच्या व्याख्यानमालेत गायिकेला मंचावर शाल, श्रीफळ आणि पाकीट दिले गेले. तबलजीला ‘उद्या येऊन घेऊन जा’ म्हणाले. तो तीन वेळा गेला. चौथ्यांदा गेला नाही, कारण बसभाडे पाकिटाएवढे होत आले होते. संस्थेचे नाव मी लिहीत नाही. ते वाचून दहा संस्था मनातल्या मनात दचकाव्यात, एवढीच इच्छा आहे.

स्विंग आपल्याला परके आहे, असेही कोणी समजू नये. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३० च्या दशकात लिऑन ॲबी, टेडी वेदरफोर्ड असे अमेरिकन कृष्णवर्णीय वादक येऊन वाजवीत आणि त्यांच्याकडून ते संगीत गोव्याच्या वादकांनी उचलले. अँटोनिओ झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, हा त्यांतला नावाजलेला. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) मधली गाणी आपल्या आजी-आजोबांनी गुणगुणली, त्यांतला झुलता ठेका या गोवेकरांनी पुरवलेला. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत वादकांची नावे बहुधा नसत. अँथनी गोन्साल्विस यांचे नाव देशभर पोचले, ते त्यांच्या शिष्याने, प्यारेलाल यांनी, १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त गाण्यातून त्यांना मानवंदना दिली म्हणून, आणि तरीही बहुतेकांना ते कल्पित पात्रच वाटले. गोव्याचेच दत्ताराम वाडकर यांच्या ढोलकीच्या ठेक्याला वादकमंडळी ‘दत्तू ठेका’ म्हणत. ठेक्याला माणसाचे नाव मिळाले, हे आपल्याकडचे विरळा उदाहरण, आणि तेही वादकांनी दिलेले, समीक्षकांनी नव्हे.

मात्र एका खोट्या कैवारापासून मला दूर राहायचे आहे. साथीदारांचा सत्कार करताना वक्ते ‘त्याग’, ‘नम्रता’, ‘पायाचा दगड’ असले शब्द काढतात. हा दुसऱ्या टोकाचा अपमान आहे. फ्रेडी ग्रीन नम्र म्हणून थोर नव्हता. ताफ्यातला ड्रमवाला लय पळवू लागला किंवा उगाच दणदणाट करू लागला, तर हा मान वळवून नुसता त्याच्याकडे पाही. त्या नजरेची ताफ्यात दहशत होती. नेता बेसी असेल, लयीचा कारभार ग्रीनकडे होता. बेळगावच्या पं. रामभाऊ विजापुऱ्यांची (१९१७–२०१०) पेटी ज्यांनी ऐकली आहे, त्यांना साथीतला अधिकार म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. आणि साथ वाईटही असते : गायकावर कुरघोडी करणारा तबला, प्रत्येक ताणेची नक्कल करणारी पेटी. तेही नाव घेऊन लिहा. ज्याच्या चुका कोणी दाखवीत नाही, त्याला कोणी गंभीरपणे घेत नाही, असाच त्याचा अर्थ होतो.

म्हणून माझ्या मागण्या मोजक्या आहेत. वार्ताहरांनी ‘समर्पक साथ’ हे दोन शब्द कायमचे सोडावेत आणि साथीदाराने केलेली एक तरी गोष्ट नेमकी लिहावी. सुचत नसेल तर पुढच्या वेळी मंचाच्या डाव्या बाजूला बसावे. आयोजकांनी पत्रिकेवर साथीदारांची नावे गायकाच्या नावाखाली, वाचता येतील अशा टायपात छापावीत आणि पाकीट त्याच रात्री, त्याच मंचावर, त्याच हातांनी द्यावे. संगीतवर्गांनी पहिले वर्ष ठेक्याचे ठेवावे. ज्याला दुसऱ्यामागे दहा मिनिटे लय धरता येत नाही, त्याला परीक्षेला बसवू नये. आमच्या शाळेच्या संमेलनात या वर्षीपासून साथीचे बक्षीस ठेवले आहे, रक्कम एकट्याने गाणाऱ्याच्या बक्षिसाइतकीच. त्यावर आताच दोन पालकांची पत्रे आली आहेत. दोन्ही मी फाइलला लावली आहेत. नियम बदलणार नाही.

आणि वाचकांना एकच विनंती. बेसीच्या ताफ्याची एखादी जुनी ध्वनिमुद्रिका मिळवा. पहिल्यांदा नेहमीसारखी ऐका. दुसऱ्यांदा तुताऱ्यांना, पियानोला जाऊ द्या आणि त्यांच्या खाली चालणारी ती कोरडी खसखस शोधा : एक, दोन, तीन, चार. सापडायला वेळ लागेल. एकदा सापडली की ती नाहीशी झाल्यावर काय काय कोसळेल, याचा हिशेब तुम्ही आपोआप मांडू लागाल. मग पुढच्या बैठकीला तबलजीकडे पाहा. त्याने काय केले ते घरी जाऊन कोणाला तरी सांगा, आणि सांगताना त्याचे नाव घ्या.